पालथा प्रेक्षक

सासऱ्यांनी सत्तर वर्षांत कुणापुढे मान खाली घातली नव्हती. ती घालावी लागली एका बुडबुड्यापुढे, आणि तीही ऐन विश्वचषकात.

झालं असं की त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. उजवा डोळा लहानपणीच दगड लागून गेलेला. त्याला दिवस आणि रात्र एवढंच कळे, त्यापलीकडे काही नाही. म्हणजे सगळी भिस्त त्या एका डाव्यावर, आणि नेमका तोच रुसून बसला. डॉक्टरांनी तासभर खपून पडदा जागच्या जागी बसवला आणि तो चिकटेपर्यंत दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला.

"दहा दिवस मान खाली," डॉक्टर म्हणाले. "झोपायचं पालथं. बसायचं तर कपाळ टेकवून. जेवताना, चालताना, नमस्कार करतानासुद्धा मान खालीच."

"नमस्कार खालीच करतात, डॉक्टर," सासरे म्हणाले.

"आणि यांनी वर बघितलं तर?" सासूबाईंनी विचारलं. त्या शिवणकामातल्या. कुठलंही काम उसवू शकतं हे गृहीत धरूनच त्या प्रश्न विचारत.

"तर पडदा पुन्हा सुटेल. आणि दुसऱ्यांदा बसेल अशी हमी मी देणार नाही. एकच डोळा आहे, लक्षात ठेवा."

मग सासऱ्यांनी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे उपांत्यपूर्व फेरी..."

"तीही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि इतका वेळ कोरडा असलेला त्यांचा आवाज पहिल्यांदाच ओला झाला. तेही त्याच पंथातले निघाले.

घरी आल्यावर बुडबुड्याचं शास्त्र सासऱ्यांना समजावून सांगायचं काम सुनेकडे आलं. सून मोजणीदार. रस्ता, पूल, इमारत काहीही उभं राहायच्या आधी तिथल्या जमिनीचे चढउतार आणि कोन मोजायचे, हा तिचा धंदा. दिवसभर उन्हात तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून ती आकडे मोठ्याने सांगे आणि पलीकडचा सहकारी ते तितक्याच मोठ्याने परत म्हणून लिहून घेई. त्यामुळे तिचा आवाज खणखणीत, आणि बोलण्यात अंश, मीटर, सेकंद यांची कधी टंचाई नसे.

"बाबा, हवा पाण्यात नेहमी वर जाते. पडदा आहे डोळ्याच्या मागच्या भिंतीवर. तुम्ही पालथे झालात की मागची भिंत वर येते, आणि बुडबुडा बरोब्बर तिथे जाऊन टेकतो."

"म्हणजे माझ्या डोळ्यात भिंतीचं छत झालं."

"अगदी!"

"आणि छत गळतंय म्हणून पाहुण्याला आत ठेवलाय, टेकू द्यायला."

"अगदी अगदी! बाबा, तुम्ही मोजणीत यायला हवं होतं."

सासूबाईंनी जुन्या गोधड्या उलगडून घोड्याच्या नालेच्या आकाराची जाडजूड उशी शिवली. तिच्यात तोंड घालून सासरे दिवाणावर पालथे पडले. चहा नळीने, सूप नळीने. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच," आणि त्यांना इतकं हसू आलं की सासूबाईंनी मानेवर हात ठेवून त्यांना शांत केलं.

आता सासऱ्यांच्या फुटबॉलविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ते हिरव्यांचे भक्त. हिरव्यांचा संघ चिमुकल्या देशाचा, आणि त्याने आजवर हा चषक कधी हाती धरला नव्हता. सगळी इमारत पिवळ्यांची होती. पिवळे गेल्या खेपेचे विजेते, देखणे, तालेवार. सासऱ्यांना कुणी विचारलं की हे काय हो भलतंच, तर ते म्हणत, "जिंकणाऱ्याला अख्खं जग आहे. यांना निदान मी तरी आहे."

सुनेचं फुटबॉलप्रेम निराळ्या जातीचं होतं. कोण जिंकतं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. चेंडू हवेत वळतो कसा, याचंच तिला नवल. अकरा मीटरवरून पेनल्टीचा चेंडू जाळ्यात पोचायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी लागतो, आणि तेवढ्यात माणसाला पाहून, ठरवून, झेप घेणं शक्यच नसतं, म्हणजे गोलकीपर चेंडू पाहून उडी मारत नाही, तर आधीच अंदाज बांधून मारतो, असं काही वाचलं की ती हरखून जाई. आणि आत्ताचा गोल कुणी मारला असं विचारलं तर म्हणे, "तो हो, हिरव्यातला एक."

त्यामुळे हिरव्या-लालांच्या उपांत्यपूर्व सामन्याला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, वर्णन करायला नवरा बसला. नवऱ्याला खेळाची खडान्‌खडा माहिती. पण तो दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावायचं आणि आपण गप्प राहायचं, ही त्याची जन्माची सवय. त्याचं वर्णन असं:

"घेतला... दिला... अरे... अरे अरे... अरेरेरेरे... हॅट्!"

"हॅट् कुणाला?" उशीतून आवाज आला.

"आँ?"

"हॅट् कुणाला म्हटलंस? आपल्याला की लालांना?"

"थांबा हो बाबा... दिला... आता... आता..."

आणि नवरा गप्प झाला. एक, दोन, तीन. मग एकदम कोचावरून हातभर उडाला: "गोऽऽऽल!"

सासरे दोन्ही हातांवर जोर देऊन उठले आणि मान ताठ करून थेट टीव्हीकडे बघू लागले. "कुठाय? कुणी मारला?" डोळ्यापुढे नुसतं रुपेरी पाणी हिंदकळत होतं. सासूबाई किंचाळल्या, धावल्या, आणि सासऱ्यांची मान धरून त्यांनी ती उशीत अशी बसवली की जणू गादीत कापूस कोंबतायत. गोल हिरव्यांचा होता. हिरवे जिंकलेसुद्धा. पण त्या घरात त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी टाकून पाहिलं. बराच वेळ ते नुसतं "हं, हं" करत राहिले.

"पडद्याची कड किंचित उचललीय. अजून बसेल. पण आणखी एकदा असं झालं तर मात्र अंधार, आजोबा. खराखुरा."

परतताना गाडीत सासरे गुडघ्यांवर कपाळ टेकवून बसले होते. घर येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे. त्याला बोलू नका."

सासूबाईंनी टीव्हीवर चादर टाकली. "संपला तुमचा विश्वचषक. डोळा हवा की चेंडू?"

"डोळा," सासरे म्हणाले. माणूस शहाणाच होता.

पण खालच्या मजल्यावर टीव्ही होताच, आणि त्याच्याही खालच्या मजल्यावर. त्या संध्याकाळी पिवळ्यांचा सामना होता. इमारत "होऽऽ" करून उठली आणि मग एकदम गप्प झाली. सुनेने पाहिलं, उशीतली मान तसूभर वर सरकली होती. "काय झालं असेल गं?" सासऱ्यांनी विचारलं. तिने सासूबाईंना हाक मारेपर्यंत मान पुन्हा खाली गेली. थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली आणि बाहेर कुणी बोलेना. मान पुन्हा तसूभर वर. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात भांडं पडलं, त्यावर सासूबाईंनी "अगं बाई" म्हटलं आणि पुढे काही म्हटलंच नाही. मान वर.

सुनेने मोजणीची वही काढली. तिला गंमत दिसू लागली होती. दोन दिवस ती सासऱ्यांच्या मानेवर नजर ठेवून होती. आवाज किती मोठा, नंतर शांतता किती वेळ, मान हलली का. तिसऱ्या दिवशी तिने वही सासूबाईंपुढे धरली.

"आई, बघा. आवाजाने बाबांची मान उचलत नाही. परवा ट्रकचं टायर फुटलं तेव्हा ढिम्म हलले नाहीत. कारण लगेच कुणीतरी म्हणालं, 'टायर फुटलं.' मान उचलते ती काय झालं ते न कळल्याने. आवाज झाला आणि तीन सेकंद कुणी काही सांगितलं नाही की उचलली. प्रत्येक वेळी. तीन सेकंद!"

"बरं मग?"

"मग टीव्ही बंद करून काय उपयोग? खालचा टीव्ही कोण बंद करणार? हिरव्यांचा उपांत्य सामना आहे परवा. खालून ओरडा ऐकू येणार आणि बाबांना कळणार नाही कशाचा. त्यापेक्षा सगळं सांगितलं तर? न थांबता?"

"न थांबता नव्वद मिनिटं कोण बोलणार?"

"मी," सून म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकदा, फक्त एकदा मान हलू दे. टीव्ही गच्चीवरून खाली."

"अगं, गच्चीवरून नको," उशीतला आवाज म्हणाला. "खाली पिवळ्यांच्या डोक्यात पडेल. तसं बघितलं तर..."

"तुम्ही गप्प बसा हो!"

उपांत्य सामना पाच वाजता होता. सुनेने घसा ओला केला, कोचाच्या टोकावर बसली, आणि शिट्टी वाजताच सुरू झाली.

"चेंडू मध्यरेषेवर. हिरव्यातला सात, त्याने डावीकडे दिला, साधारण बारा मीटर, जमिनीलगत, तीसच्या कोनात..."

"तीसचा कोण?"

"हो, तीसचा."

"आपल्यात तीस नंबर नाहीच!"

"नंबर नाही बाबा, तीस अंश."

"अंश? हा कधी घेतला संघात?"

"अहो कोन! कोन!"

"तेच विचारतोय मी, कोण?"

नवऱ्याने तोंडात रुमाल कोंबला. सासूबाई दारात झारा घेऊन उभ्या होत्या, त्यांचे खांदे हलू लागले. पण सून थांबली नाही. थांबता येतच नव्हतं. "भूमितीतला कोन, बाबा, परत आला चेंडू, आता उजवीकडे, एक उंच काटकुळा माणूस आहे, त्याने छातीवर घेतला..."

"तो खांब! आपला खांब आहे तो. आणि सात नंबर म्हणजे डावरा. नावं माझ्याकडून घे, कोन तुझ्याकडे ठेव."

असं जमलं मग ते. पंधराव्या मिनिटापर्यंत तिला सगळी नावं पाठ झाली: खांब, डावरा, भोवरा, आणि जाळ्यात उभा एकोणचाळीस वर्षांचा म्हातारा. आणि तिसाव्या मिनिटापर्यंत सासऱ्यांना कोन कळू लागले. "किती अंश?" "पंचवीस." "मग नाही जायचा आत, मारू नको म्हणावं त्याला." ती सांगे आणि ते उशीत "हं" म्हणत. बारीकसा, पण प्रत्येक वाक्याला एक. नऊ भक्तींमध्ये पहिला मान श्रवणाला दिलाय, पाहण्याला नाही, ते उगीच नाही. समोरून हुंकार आला की सांगणाऱ्याच्या जिभेवर देव येऊन बसतो. सुनेचा आवाज चढू लागला, उतरू लागला. ती पोरगी, जिने जन्मात आकड्यांपलीकडे काही सांगितलं नव्हतं, ती म्हणाली, "भोवऱ्याने चेंडू असा फिरवून सोडलाय बाबा, की एका बाजूची हवा त्याला ओढतेय, दुसऱ्या बाजूची ढकलतेय, आणि तो बिचारा त्या दोघींच्या मध्ये सापडलाय..."

"सासू-सुनेच्या मध्ये," सासरे म्हणाले.

"हो! आणि म्हणून वाकून वाकून चाललाय!"

झारा हातात तसाच होता. स्वयंपाकघरातून जळल्याचा वास आला तरी सासूबाई हलल्या नाहीत.

आणि इतक्यात तिला एक शोध लागला. खालून आधी इमारतीचा मोठा "अरेरे" ऐकू आला. इमारत हिरव्यांच्या विरुद्ध, म्हणजे अरेरे आपल्या फायद्याचा. पण पडद्यावर तर काहीच घडलं नव्हतं, डावरा नुकता चेंडूकडे पळत होता. आणि मग त्याने मारला, आणि जाळं हललं.

खालच्यांचा टीव्ही अँटेनावर चालत होता. यांचा केबलच्या डब्यातून. डबा मागे होता, तिने पुढच्या वेळी घड्याळ लावून मोजलं, पावणेचार सेकंद.

पावणेचार सेकंदांचं भविष्य! तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. दुसऱ्या गोलच्या वेळी खालून अरेरे आला तशी ती शांतपणे म्हणाली, "बाबा, दिवाण घट्ट धरा. मान खाली. आता थोड्याच वेळात काहीतरी फार चांगलं होणार आहे."

"तुला काय माहीत?"

"भोवरा पळतोय, पळतोय, खांबाने डोक्याने दिला, आणि... झालं. दोन-शून्य."

सासऱ्यांनी दिवाणाच्या कडा इतक्या घट्ट धरल्या की लाकूड करकरलं. पाय हवेत उडाले, दोन्ही. पण मान जागच्या जागी. सासूबाई वाकून, खाली फरशीजवळ डोकं नेऊन बघून आल्या. "हलली नाही," त्यांनी जाहीर केलं, आणि मग झाऱ्यासकट सुनेला मिठी मारली.

अंतिम सामना दहाव्या दिवशी होता. हिरवे विरुद्ध पिवळे, म्हणजे एका खोलीचं अख्ख्या इमारतीशी युद्ध. जिन्यात लोक नवऱ्याला गाठून विचारत, "काय, काका पालथे का? आता आम्ही पण पालथं पाडतो बघा." सासऱ्यांनी निरोप पाठवला, "मला उठवू शकलात तर मानेन."

डॉक्टरांचा फोन आला, उद्या सकाळी तपासणीला या. शेवटी म्हणाले, "आज जपा हं. आज फार जपा."

साडेतीन वाजल्यापासून सुनेने गरम पाण्याचे घोट घेत घसा तयार ठेवला. पाच ते सात ती बोलत होती. एक-एक. मग अतिरिक्त वेळ, आणि तो सरला तेव्हा तिचा आवाज इतका बसला होता की कोन आणि कोण यांतला फरक कुणालाच कळला नसता, पण आता त्याची गरज कुणाला होती? सासरे एकेक शब्द झेलत होते. मध्येच त्यांनी स्वतःच सांगितलं, "आता खांब पुढे जाईल बघ," आणि खांब पुढे गेला. पालथ्या माणसाला मैदान दिसू लागलं होतं.

शेवटी पेनल्ट्या.

नवरा उठला. "मला नाही बघवत," म्हणून न्हाणीघरात गेला आणि आतून त्याने नळ सोडला. सासूबाईंनी भिंतीला टेकून डोळे गच्च मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. टीव्हीपुढे उरली एकटी सून.

"आपला डावरा, आत! त्यांचा कर्णधार झिपऱ्या नंतर येणार, आत्ता दुसराच आलाय, आत गेला, मान खाली, बाबा! आपला भोवरा, आत! त्यांचा पुन्हा आत. आपला खांब..."

खालून गर्जना आली. ती समजली.

"खांबाचा हुकणार आहे बाबा, मन घट्ट करा... हुकला. हरकत नाही, अजून आहेत. आता त्यांचा... खालचे कण्हतायत, तोही हुकणार! हुकला! खांबाला लागून बाहेर! म्हणजे जाळ्याच्या खांबाला, आपल्या नाही!"

"हं! पुढे!"

असं करत करत हिरव्यांच्या पाच संपल्या, चार आत. पिवळ्यांच्या चार झाल्या, तीन आत. उरली एक. पिवळ्यांचा कर्णधार झिपऱ्या चेंडू हातात घेऊन चालत आला. आत गेला तर बरोबरी, पुन्हा एकेक. हुकला तर...

"झिपऱ्या येतोय. चेंडू ठेवला. मागे गेला, चार पावलं, पाच. म्हातारा रेषेवर नाचतोय. पंचांनी शिट्टी..."

आणि सून कान देऊन बसली. पावणेचार सेकंद आधी खालून कळणार होतं. गर्जना आली तर गोल, कण्हणं आलं तर विश्वचषक. ती वाट पाहत राहिली. गर्जना येईना. कण्हणं येईना. काहीच येईना. अजून मारलाच नाही वाटतं त्याने, तिला वाटलं. आणि ऐकण्याच्या नादात ती बोलायची थांबली.

एक. दोन. तीन.

"काय झालं?" उशी म्हणाली, आणि उशीतली मान हलली.

सून कोचावरून उडाली ती थेट दिवाणावर. पायात टीव्हीची वायर अडकली, प्लग सुटला, पडदा काळा झाला, आणि ती सासऱ्यांच्या अंगावर पडून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं उशीत दाबत होती. "मान खाली! बाबा, मान खाली! मान खाली!"

"खालीच आहे!" सासरे उशीत गुदमरत म्हणाले. "उचलणार होतो, नाही उचलली. तू उठ. जीव जाईल माझा."

ती बाजूला झाली. दोघेही धापा टाकत होते. न्हाणीघरात नळ वाहत होता. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच.

"काय झालं पण?" सासऱ्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. टीव्ही बंद पडला."

आणि मग दोघांनीही एकदमच ते ऐकलं. म्हणजे ऐकायला काही नव्हतंच. पाच मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर चार घरं, प्रत्येक घरात पाच-सहा माणसं, आणि कुठे चिटपाखरू बोलत नव्हतं. रस्त्यावर हॉर्न नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली आणि टीव्हीचं बटण दाबल्याचा बारीकसा टक् वर ऐकू आला.

सासऱ्यांना आधी उमगलं. दहा दिवस कानांनीच जगत होते ते.

"सूनबाई," ते कुजबुजले. "जिंकलो."

"बाबा!"

"इतकी माणसं एकदम गप्प बसत नाहीत गं उगीच. कण्हायलासुद्धा अवसान उरलेलं नाही त्यांना. जिंकलो आपण!"

सासूबाईंनी डोळे उघडले. नळ बंद झाला. न्हाणीघराचं दार फटभर उघडून नवऱ्याने डोकं बाहेर काढलं, "काय झालं?" आणि सासूबाईंनी त्याला जन्मात पहिल्यांदा टाळी दिली. सासरे हसत होते, रडत होते. पालथ्या माणसाचे अश्रू गालांवरून ओघळत नाहीत, ते नाकाच्या शेंड्यावरून सरळ खाली पडतात, टप टप. सासूबाई ओरडल्या, "रडू नका हो, आत्ता तर औषधाचे थेंब घातलेत!"

"सांग," सासरे म्हणाले.

"काय?"

"कसा गेला शेवटचा? म्हाताऱ्याने अडवला ना? मला माहीत होतं. सांग ना, कसा अडवला?"

सुनेने काळ्या पडद्याकडे पाहिलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी वरिष्ठांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती: जो आकडा डोळ्याने पाहिला नाही, तो वहीत लिहायचा नाही. बारा वर्षांत तिने एकदाही लिहिला नव्हता.

एक. दोन.

"झिपऱ्या आला बाबा," ती म्हणाली. "केस मागे सारले. पाच पावलं धावला. आणि म्हातारा, सगळे गोलकीपर आधीच उडी मारतात ना, हा नाही उडाला. उभा राहिला. आयुष्यभर अंदाज केले, आज नाही करायचे म्हणाला. झिपऱ्याने मारला तो उजव्या हाताला, वीसच्या कोनात, छातीच्या उंचीवर. आणि तेव्हा कुठे म्हातारा सुटला..."

"हं!"

"सगळं अंग ताणलं त्याने. पोचत नाही, पोचत नाही, आणि मधल्या बोटाचं नख, नुसतं नख लागलं चेंडूला. तेवढ्याने कोन बदलला. दोन अंश, फार तर तीन. चेंडू खांबावर आदळला आणि रेषेवर पडला. आणि बाबा, तो रेषेवरून चालायला लागला. सरकतोय, सरकतोय, अख्खं मैदान वाकून बघतंय. आत जाऊ की बाहेर, आत की बाहेर. या खांबापासून त्या खांबापर्यंत गेला, तिथे थांबला, विचार केला..."

"आणि?"

"आणि बाहेर आला."

सासऱ्यांनी दोन्ही मुठी दिवाणावर आपटल्या. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंनी हात जोडले. "त्या म्हाताऱ्याला उदंड आयुष्य मिळो," त्या म्हणाल्या.

प्लग पुन्हा लावला तरी डबा जागा व्हायला पाच मिनिटं घेतो. तो जागा झाला तेव्हा तिघंही दिवाणाभोवती होती आणि पडद्याकडे एकट्या सुनेची नजर होती. आवाज बंद होता. शेवटची पेनल्टी पुन्हा दाखवत होते. झिपऱ्या धावत आला, टेकवलेला पाय गवतावरून सर्रकन घसरला, आणि चेंडू आकाशात, पार प्रेक्षकांच्या तिसऱ्या मजल्यावर. म्हातारा भलत्याच बाजूला झोपला होता, हातभर लांब, कशाचाही संबंध नसताना.

सुनेने उठून हळूच टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे तिचा हात धरून, फरशी बघत बघत, दवाखान्याच्या पायऱ्या चढले. डॉक्टरांनी हनुवटी यंत्रावर टेकवून घेतली. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. सासूबाईंनी पदराचं टोक पिळून दोरी केली होती. सून मनात मोजत होती, आणि तिचे आकडे तीनच्या फार फार पुढे गेले होते.

"बसला," डॉक्टर म्हणाले. "कडसुद्धा बसली. छान चिकटलाय पडदा. आजोबा, आता मान वर करा. सावकाश."

सासऱ्यांनी मान वर केली. सावकाश, मानेतली हाडं कटकट वाजत. थोडा वेळ ते नुसते बघत राहिले.

"किती बोटं?"

"तीन. खालची बाजू जरा हिंदकळतेय, पण वरचं स्वच्छ. तीन बोटं, आणि त्यातल्या एकावर शाईचा डाग आहे."

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि पदरात तोंड लपवून मनसोक्त रडल्या. डॉक्टर हात धुवायला वळले. आता ते डॉक्टर नव्हते, खुशीत आलेला एक माणूस होते.

"पण काय नशीब हो तुमच्या हिरव्यांचं! ऐन वेळी त्या झिपऱ्याचा पाय घसरावा? चेंडू गेला कुठे, तर थेट गॅलरीत! तुमचा म्हातारा तर उलट्याच बाजूला आडवा!"

सुनेचे कान तापले. ती भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघू लागली, वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत.

सासऱ्यांनी आपला एकुलता एक, नवाकोरा डोळा तिच्याकडे वळवला. तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो डॉक्टरांकडे वळवला.

"पाय नाही घसरला," ते म्हणाले. "म्हाताऱ्याच्या नखाला लागला. मग खांबावर. मग रेषेवरून सरकत सरकत बाहेर."

"अहो नाही आजोबा! मी स्वतः पाहिलं. चार वेळा पाहिलं!"

"पाहिलं असेल," सासरे समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि उठताना त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. "पण डॉक्टर, वेळ काढून तुमचे डोळे एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."